दोन खटके

सुध्या, तुझ्या शोकसभेत, दोन मिनिटांची शांतता चालू असताना, मी तुझ्या खुर्चीत बसलो.

सांगून टाकलं. तू आधी हसून घे, मग पुढचं लिहितो.

दृश्य असं होतं. चारकोपच्या आपल्या त्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये, तिसऱ्या मजल्यावर, तुझ्या टेबलाभोवती सगळं खातं उभं. टेबलावर तुझा फोटो. तोही ओळखपत्रावरचाच मोठा केलेला. त्यात तू रंगेहाथ पकडलेल्या माणसासारखा दिसतोस. फोटोपुढे सेलवर चालणारी मेणबत्ती, कारण खरी पेटवली तर आगीची घंटा वाजते. आणि तुझ्या त्या प्रसिद्ध खुर्चीच्या पाठीला झेंडूचा हार. हार फोटोला मोठा झाला म्हणून खुर्चीला घातला, असं नंतर कळलं. समोर वहिनी आणि तुझी मुलगी, दोन प्लास्टिकच्या खुर्च्यांवर.

पहिलं मिनिट मी नीट काढलं. मान खाली, हात पुढे, तोंडावर भक्तिभाव. मग कमरेतून ती सणक निघाली आणि मांडीच्या मागून थेट टाचेपर्यंत गेली. तुला वर्णन करून सांगायला नको. डोक्याला विचारलं असतं तर डोकं नको म्हणालं असतं, पण माझ्या शरीराला डोक्याला विचारायची सवयच नाही. मी बसलो. हाराच्या अंगावर बसलो. इथवरही निभावलं असतं. दुःखाने पाय लटपटले म्हणून लोकांनी सोडून दिलं असतं. पण माझा डावा हात, मी न बघता, न चाचपडता, खुर्चीखाली गेला, बरोबर त्या दांडीवर पडला, आणि खुर्चीची पाठ मागे गेली.

खट्. खट्.

त्या शांततेत तो आवाज केवढा झाला म्हणून सांगू. सगळ्यांच्या माना एकदम वर.

एचआरची रिद्धी हळूच म्हणाली, “साटम सर, ती परब सरांची...”

“हो, माहितीये.”

“नाही, पण तुम्हाला ती दांडी...” वहिनींनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. दळण आणायला पाठवलेला माणूस पिशवी विसरून परत आला की बायका बघतात, तसं.

शांतता संपली आणि भाषणं सुरू झाली. सुध्या, तू गेलास ते एका अर्थी बरं केलंस, ही भाषणं तुला जिवंतपणी सोसली नसती. साहेब म्हणाले, परब म्हणजे हसतमुख व्यक्तिमत्त्व. तू! सकाळी साडेनऊला तुझं तोंड बघून चहावाला कप लांबूनच सरकवायचा. मग म्हणाले, “एवढ्या वेदना असूनही त्यांनी कधी तोंडातून अवाक्षर काढलं नाही.” यावर सगळ्यांनी माना डोलावल्या. तुला नावं ठेवण्यात ज्यांचं अर्धं आयुष्य गेलं, त्यांनी जरा जास्तच डोलावल्या.

अवाक्षर काढलं नाही? अरे, तू दुसरं काय काढत होतास? तुझा मणका, मणक्याचा संधिवात, सकाळी अंग लाकूड होतं ते कितीला सुटतं, कुठली गोळी पोटाला झेपत नाही, हे सगळ्या खात्याला तोंडपाठ होतं. तू बोललास, मागितलंस, लिहून दिलंस, पुन्हा जाऊन विचारलंस. तुझ्यात कौतुकाचं काही होतं तर ते हेच होतं, आणि नेमकं तेच त्यांनी पुसून टाकलं. मेलेल्या माणसाला आधी मुका करून घेतला की मग त्याच्यावर प्रेम करणं सोपं जातं. आणि मी हे सगळं तुझ्या खुर्चीत रेलून ऐकत होतो, पाठीला चुरगळलेला झेंडू चिकटलेला. म्हणजे बघ, त्या सभेत सगळ्यात खोटा माणूस कोण होता हे ठरवायला मतदान नको.

आपलं काम आठव. गावोगावच्या दवाखान्यांतून आलेले कागद कॉम्प्युटरवर चढवायचे. दिवसभर लोकांची दुखणी टाइप करायची. कोणाचा खांदा, कोणाची मान, आणि पाचातली तीन माणसं कमरेवाली. “रुग्णास बसताना त्रास होतो,” हे वाक्य मी बसल्या बसल्या इतक्यांदा टाइप केलंय की की-बोर्ड ते आपोआप लिहील. पण शेजारच्या टेबलावर बसलेल्या माणसाला बसताना त्रास होतो म्हटल्यावर माझा पहिला विचार काय होता? नाटक करतोय.

तू डॉक्टरची चिठ्ठी घेऊन एचआरकडे निघालास त्या दिवशी शेअर रिक्षात मी तुला अडवलं होतं.

“वेडा आहेस काय? एकदा कागदावर दुखणं आलं ना, की तुझी फाइल लंगडी झाली समज.”

तू कमरेखाली हात घालून, खड्ड्याखड्ड्याला स्वतःला उचलून धरत, म्हणालास, “फाइल होवंदे लंगडी. मी नको होवक.”

चिडलास की तुझं मालवणी बाहेर यायचं. बोरीवलीत जन्मलास, गावी वर्षातून आठ दिवस, पण राग मात्र थेट कणकवलीहून मागवायचास.

आणि कंपनीने दिलं रे तुला! याचाच आम्हाला मोठा धक्का बसला. आम्ही वाट बघत होतो तू हात हलवत परत येशील आणि आम्ही समजूत काढू. समजूत काढायला आम्ही फार हुशार. पण खुर्ची आली. वर-खाली होणारं टेबल आलं. दर अर्ध्या तासाला उठून पाच मिनिटं फिरायची मुभा मिळाली, आणि दुपारी दहा मिनिटं रेकॉर्ड रूममध्ये चटईवर पाठ टेकायची. तू वहिनींच्या ओट्यावरचं ते चावीचं घड्याळ आणून टेबलावर ठेवलंस. ते टर्रर्र वाजलं की तू उठायचास आणि मी म्हणायचो, “चला, महाराजांची फेरी निघाली.” खुर्चीचं नाव सिंहासन. रेकॉर्ड रूमचं नाव शयनमंदिर. ही दोन्ही नावं माझी. खात्यातल्या इतर लोकांना एवढी कल्पनाशक्ती नाही. ते फक्त हसायचे.

गोराईची सहल तर मी मेल्यावरही विसरणार नाही. बोटीने गेलो होतो, तू उभ्याने. तिथल्या बंगल्यावर जेवणं झाल्यावर मी तुझी नक्कल केली. तोंडाने टर्रर्र केलं, खुर्चीतून तीन हप्त्यांत उठलो, भिंत धरली, “आई, आई” करत फेरी मारली आणि चटईवर पडून साहेबांच्या आवाजात म्हणालो, “परब, झोप पुरी झाली का? मग थोडं काम पण करा.” लोक पोट धरून हसले. आणि तू, भज्यांची बशी हातात घेऊन, अगदी गंभीरपणे म्हणालास, “चुकला. डावो हात कमरेर ठेवतंय मी, उजवो नाय. परत कर.”

मी परत केली! डावा हात ठेवून! एवढा निर्लज्ज माणूस तू मित्र म्हणून कसा पाळलास?

देवाने लगेच शिक्षा केली असं म्हणायला मला आवडलं असतं, पण देवाचा यात काही हात नाही. नव्याने लागलेल्या दोन मुली पाण्याच्या कूलरपाशी उभ्या होत्या, वीस लिटरचा जार खाली होता, आणि शिपाई जागेवर नव्हता. मी बाह्या सरसावल्या. सत्तेचाळिसाव्या वर्षी, सुध्या. जार वर चढला हे मान्य कर. खाली मीच आलो नाही. तसाच अर्धा वाकलेला राहिलो. मुलींना वाटलं मी नमस्कार करतोय.

तुला सांगितलं नाही. तुलाच तर सांगायचं नव्हतं. डॉक्टरने एक्स-रे बघून विचारलं, “काम काय?”

“बसायचं.”

“मग कमी बसा. ऑफिसला चिठ्ठी देतो, ते व्यवस्था करतील.”

चिठ्ठी मी घेतली, चौघडी केली आणि पाकिटात गणपतीच्या फोटोमागे ठेवली. आठ महिने ती तिथेच होती. गणपतीला वाचून पाठ झाली असेल. कारण ती घेऊन रिद्धीकडे जायचं म्हणजे खात्यातून चालत जायचं, आणि परत येताना सिंहासन नंबर दोन घेऊन यायचं, ज्या लोकांना सिंहासन हा शब्द मीच शिकवला त्यांच्यासमोरून. त्यापेक्षा मी शर्टाच्या आत पट्टा बांधला, तीन प्रकारचे बाम लावले, शेजारच्या काकूंनी दिलेलं कसलंतरी काळं तेल रात्री चोळलं आणि सकाळी “काय सुध्या, मणका काय म्हणतोय?” असं तुलाच विचारत राहिलो.

मग एक दिवस तू जेवायला गेला होतास. आसपास कोणी नव्हतं. सहज, म्हणजे अजिबात सहज नाही, मी तुझ्या खुर्चीत टेकलो.

सुध्या, पाठ लागली आणि डोळ्यांत पाणी आलं. खोटं नाही सांगत. कोणीतरी मागून येऊन कमरेखाली हात दिला आणि म्हणालं, सोड आता, मी धरलंय, असं वाटलं. मला पाठ अजून थोडी मागे लागते, म्हणून दांडी ओढली. दोन खटके मागे. वीस मिनिटं. तू यायच्या आत दोन खटके पुढे. दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी मला घरून निघतानाच दुपारची ओढ लागली. माणसं अशा ओढीने कुठे कुठे जातात. मी शेजारच्या टेबलावर जात होतो.

आणि मग तो मंगळवार. हे तुला कधी सांगितलं नाही, आता तरी ऐक. ऑफिसात आरोग्य सप्ताह होता. एक ताई येऊन आपल्याला टाळ्या वाजवायला लावून गेल्या, टाळ्यांनी म्हणे सगळे अवयव सुधारतात. दुपारी रिद्धी त्याचीच पोस्टर चिकटवायला अचानक आली. मी घाईत उठलो. एक खटका पुढे आणला, दुसरा राहिला. एका खटक्याचा फरक बसताना कळत नाही, उठताना कळतो. संध्याकाळी तुला उठता येईना. तुझं तोंड पांढरं पडलं होतं. मी तुझा दंड धरून तुला लिफ्टपर्यंत नेलं, रिक्षात बसवलं, आणि हे सगळं कशामुळे झालं ते नीट माहीत असताना म्हणालो, “हवा बदललीये ना, म्हणून असेल.”

तू माझ्याकडे जरा वेळ बघितलंस आणि म्हणालास, “होय. हवाच.”

तीन दिवस तू घरी होतास. मी तुला फोनवर एक निरोप पाठवला, “काळजी घे,” आणि खाली हात जोडलेलं चित्र. त्या तीन दिवसांत खुर्ची मोकळी होती. मी बसलो नाही. याबद्दल मला बक्षीस मिळेल असं काहीतरी मनात होतं बहुतेक.

चौथ्या दिवशी तू आलास तेव्हा खुर्चीच्या बाजूच्या दातेरी पट्टीवर लाल ठिपका होता. नेलपॉलिशचा. पाठ नेमकी कुठे हवी त्याची खूण. मी मनात म्हटलं, वा, सोयच झाली, आता चुकायला नको. त्याच सुमारास तुझा जेवणानंतरचा कार्यक्रमही बदलला. पूर्वी तू पंचवीस मिनिटांत परत यायचास. आता म्हणालास, डॉक्टरने जेवल्यावर अर्धा तास खाली चालायला सांगितलंय. त्या डॉक्टरला मी मनातल्या मनात किती आशीर्वाद दिले! अर्धा तास! मी तुझ्या खुर्चीत डुलकीसुद्धा काढायला लागलो. शयनमंदिराची शाखा उघडली.

तू जायच्या आधीच्या आठवड्यात रिक्षात आपलं झालं ते अर्धवट राहिलं. तू विचारलंस, “दिन्या, तुझी कंबर कशी आसा?”

“माझी? झकास. का रे?”

“नाय, पट्टो बांधतस म्हणून विचारला.”

“तो पोट दिसू नये म्हणून.”

तू बाहेर बघत राहिलास. मार्केट गेलं, शाळा गेली. मग म्हणालास, “चष्मो कित्याक लावतस?”

“दिसत नाही म्हणून.”

“तो लावन कामाक बसतस तेव्हा कोण हसता?”

“चष्म्याचं वेगळं आहे, सुध्या.”

“कसा वेगळा?”

तेवढ्यात गेट आलं. मी सुटे शोधायचं नाटक करत म्हणालो, “नंतर सांगतो.” तेव्हापासून विचार करतोय. कसं वेगळं ते अजून सापडलेलं नाही. सापडलं तर कुठे कळवू?

बाकीचं सगळ्यांना माहीत आहे आणि मला ते लिहायचं नाही. मणक्याचे एवढे लाड केलेस, त्याला खुर्ची दिलीस, टेबल दिलंस, चटई दिलीस, आणि दगा कोणी दिला, तर ज्याची तू आयुष्यात एक तक्रार केली नव्हतीस त्या हृदयाने. लोकांना यातही धडा दिसतो. मला दिसत नाही. मला फक्त दिसतं की आता शेअर रिक्षात मधली जागा मला मिळते आणि खड्डा आला की कोणी शिव्या देत नाही.

शोकसभा आटपल्यावर वहिनींनी तुझा खण रिकामा केला. शेकायची रबरी पिशवी, घड्याळ, चटईची गुंडाळी, एक टेनिसचा चेंडू, जो भिंत आणि पाठ यांच्यामध्ये धरून तू घासत बसायचास. मी पिशवी उचलायला वाकलो तर रिद्धी म्हणाली, “राहू द्या सर,” आणि तिनेच लिफ्टपर्यंत नेली. म्हणजे तिला तेव्हाच कळलं होतं. दोन खटक्यांत सगळ्यांनाच कळलं होतं, फक्त माझी अब्रू गेली ही बातमी मला सांगायला कोणी पुढे येत नव्हतं.

खाली गेटवर यादव वॉचमन उठून उभा राहिला. त्याचं ते लाकडी स्टूल तुला माहीतच आहे; एक पाय आखूड, खाली पुठ्ठ्याची घडी. वहिनींना हात जोडून म्हणाला, “भाभीजी, साब रोज खाने के बाद इधर ही बैठते थे. आधा घंटा.”

मी म्हटलं, “बैठते थे? चलते थे ना?”

“कहाँ चलते थे साब. बैठते थे. कमर पकड़ के. मैं बोला भी, ऊपर आपका इतना अच्छा कुर्सी है. तो बोले, अभी उधर कोई बैठा है.”

रिक्षा आली. वहिनी बसल्या, मुलगी बसली. वहिनी फक्त म्हणाल्या, “येते, भावोजी.” मी तिथेच उभा. यादवने स्टूल पुढे केलं, “बैठो साब.” मी बसलो. दोन मिनिटं बसवलं नाही. तू अर्धा तास बसायचास. रोज.

मला तुझा भयंकर राग आला, सुध्या. अजूनही आहे. कोणी सांगितलं होतं तुला? हुतात्मा व्हायची एवढी हौस होती? अरे, मला नुसतं “दिन्या, ऊठ” म्हणाला असतास तर दोघांच्या कमरा वाचल्या असत्या. स्वतःसाठी मागताना कंपनीला सळो की पळो करून सोडलंस, आणि माझ्या बाबतीत तोंड शिवून त्या फळकुटावर जाऊन बसलास. साहेब म्हणाले ना, अवाक्षर काढलं नाही? एका ठिकाणी खरं निघालं त्यांचं. मी त्यांना ढोंगी म्हणत होतो, आणि तुझ्याबद्दलची ती एकच खरी गोष्ट होती, तीही माझ्यामुळे.

सोमवारी रिद्धीचा सगळ्यांना मेल आला. परब यांची खुर्ची शुक्रवारी स्टोअरला परत जाईल. कोणास वैद्यकीय गरज असल्यास त्याआधी अर्ज करावा. स्टोअर म्हणजे तळमजल्यावरची ती खोली, जिथे मोडके प्रिंटर आणि गणपतीच्या सजावटीचं थर्माकोल एकत्र राहतं. चार दिवस होते. मंगळवारी मी गेलो नाही. बुधवारी तिच्या दारापर्यंत जाऊन कागदाला भोकं पाडायचं पंचिंग मशीन आहे का, एवढंच विचारून आलो. गुरुवारी दुपारी जेवणाच्या सुट्टीत सवयीने उठलो, तुझ्या टेबलापाशी गेलो, आणि बसता येईना. खुर्ची रिकामी होती, खातं रिकामं होतं, ठिपका होता, मला कोणी बघत नव्हतं, आणि बसता येईना. मग पाकिटातून गणपतीला बाजूला सारलं, चिठ्ठी काढली, आणि ऐन तीन वाजता, सगळे जागेवर असताना, खात्याच्या मधून चालत गेलो. डावा हात कमरेवर ठेवून. उजवा नाही.

अर्ज एका पानाचा निघाला. एका पानाचा! मला वाटत होतं कमिटी बसेल, कपडे काढून उभं करतील. दुखणं काय, कधीपासून, कशाने कमी होतं. शेवटचा प्रश्न होता, आतापर्यंत कसं निभावलंत? मी लिहिलं, “सहकाऱ्याच्या खुर्चीत बसून, त्याच्या नकळत.” मग “त्याच्या नकळत” खोडलं.

रिद्धी वाचून म्हणाली, “सर, ही चिठ्ठी आठ महिन्यांपूर्वीची आहे. तेव्हाच का नाही दिली? चार दिवसांत होऊन जातं हे.”

“लोक हसतील म्हणून.”

“कोण हसतं सर?”

“सगळ्यात जास्त मीच हसायचो.”

“मग?” ती शिक्का शोधत म्हणाली. “आता तुम्ही हसणार आहात का?”

सव्वीस वर्षांची पोर. आरोग्य सप्ताहात टाळ्या वाजवायला लावते म्हणून मी तिला कायम हिशेबाबाहेर ठेवलं होतं. तिने विचारलं, नवी खुर्ची मागवू की परब सरांचीच देऊ? मी म्हटलं, शुक्रवारी स्टोअरला पाठवू नका, पण मला सोमवारपर्यंत वेळ द्या. एका ठिकाणी विचारायचंय.

म्हणून काल रविवारी तुझ्या घरी गेलो. चार मजले चढलो, दर मजल्यावर थांबून भाषण घोकलं. मैत्री, पश्चात्ताप, त्याची आठवण म्हणून जपेन, असं बरंच भारी होतं. वहिनींनी दार उघडलं, पाणी दिलं, चहा टाकला. ओट्यावर ते घड्याळ परत आपल्या जागी होतं.

“वहिनी, एक विचारायचं होतं...”

“खुर्चीचं ना? घ्या की. तुम्हाला सवय आहे.”

माझं भाषण तिथेच मेलं. मग मी काहीच न घोकता सगळं सांगितलं. दुपारची वीस मिनिटं, तो मंगळवार, राहिलेला खटका, हवा बदलल्याची थाप. चहा उतू जायला आला तेव्हा वहिनींनी गॅस बारीक केला.

“त्याला कळलं कसं पण?” मी विचारलं.

“बाम,” वहिनी म्हणाल्या. “ह्यांनी जन्मात बाम लावला नाही. आणि रोज संध्याकाळी शर्टाला पाठीवर वास. मी म्हटलं, हे काय नवीन? तर हसायला लागले. तीन प्रकारचे लावता म्हणे तुम्ही.”

“म्हणजे त्या मंगळवारच्या आधीपासून...”

“पहिल्या आठवड्यापासून. आजारी पडले तेव्हा मी चिडले होते, म्हटलं आता तरी बोला त्यांना. तर माझ्याकडूनच नेलपॉलिशची बाटली मागून घेतली. म्हणाले, त्याला परत जागेवर आणायला खूण नको का? चाचपडतो बिचारा.”

सुध्या, मी तो ठिपका तुझ्यासाठी आहे असं समजत होतो.

वहिनींनी कप पुढे ठेवला. मग त्या पदराने ओटा पुसायला लागल्या, पुसलेलाच. मी विचारलं, “मला एकदा तरी सरळ बोलला का नाही तो?”

“मी पण तेच म्हणायचे. म्हटलं, स्टुलावर बसून हाडं मोडून घेताय, सांगून टाका ना एकदाचं. तर म्हणायचे, नको. तेना आपणाहून मागूक व्हया.” त्यांनी पदर खोचला. “अजून एक म्हणायचे. सांगू? राग नाही ना येणार?”

“सांगा.”

त्यांनी बरोबर तुझा आवाज काढला, कणकवलीहून मागवलेला.

“‘त्या मेल्याक मागूक लाज वाटता, चोरूक नाय.’”